किल्ली क्रमांक दोन

शारजा. अबू शगाऱ्यातलं वाळूचं पार्किंग, दुपारचा सव्वा.
मी गाडीसमोर उभी आहे
आणि गाडी ओळख दाखवत नाही.

ऑगस्ट. एका हातात सुरमई, पाच किलोची, अख्खी.
बाजारातल्या माणसाने बर्फ घातला होता, मूठभर जास्तच,
तो आता पिशवीच्या कोपऱ्यातून माझ्या चपलेवर टपकतोय.
दुसऱ्या हातात फोन.
फोन म्हणजेच किल्ली, असं शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
कॉफीचा कप पुढे करत:
मॅडम, तुम्ही फक्त जवळ या.

आले.
मागे गेले, पुन्हा आले.
डावीकडून आले, इथून सहजच चाललेय असं दाखवत.
फोन काचेला लावला, काच फोनला तापवू लागली.
दाराला मूठ म्हणावी तर ती आत ओढून घेतलेली,
गोगलगाय शिंगं घेते तशी,
आणि जिथे ती असायला हवी तिथे बोट ठेवलं
तर चटका.

फोन म्हणतो, तापमान वाढलंय, मला थंड होऊ द्या.
बरं. तुला.

आधीची निसान बटर लावायच्या सुरीनेही उघडायची.
तिच्या किल्लीचं रबर झिजून बटणं कुठली ते कळेना,
तरी अंधारात, डबे काखेत धरून, अंगठा बरोब्बर जायचा.

हिच्या यादीत मी किल्ली क्रमांक दोन.
क्रमांक एक समुद्रात आहे, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर,
अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस इकडे.
तिकडून, रेंज असली तर, जेवणाच्या सुट्टीत
हेरंब एका बोटाने हे दार उघडू शकतो.
एकदा उघडलं होतं. चुकून, पहाटे तीनला.
खाली गाडीत दिवा लागलेला मी बाल्कनीतून पाहिला
आणि चहाचं आधण ठेवलं.

आता रेंज नाही.

व्हिसाच्या ऑफिसातलं यंत्रही माझी बोटं घेत नाही.
खिडकीपलीकडची बाई म्हणाली, भांडी फार घासता का?
घासते. तीस जणांचे डबे असतात.
तिने क्रीम चोळायला दिलं, मग अनामिका चालली.
गाडीला काय चोळू?

तेवढ्यात शफीउल आला, बादली घेऊन.
काही विचारलं नाही.
दोन दारांमधल्या काळ्या पट्टीवर त्याने फडकं पिळलं,
एकदा, मग परत एकदा.
माझा फोन घेतला, बनियनला पुसला,
बादलीच्या आत, पाण्याच्या जरा वर धरून ठेवला
विहिरीत डोकावावं तसा वाकून.
मी त्या फोनकडे बघत होते, श्वास धरून: सगळे हिशोब त्यात.
मग त्याने तो पट्टीला टेकवला.

आरशांनी कान उघडले. मूठ बाहेर आली.

"इसको गर्मी लगता है, मॅडम," तो म्हणाला,
तक्रार नव्हती त्यात, आजारी म्हशीबद्दल बोलावं तसं.
चार महिने रोज पहाटे तो हिला अंघोळ घालतो.
यादीत त्याला नंबर नाही.
आत ये, एसीत बस दोन मिनिटं, म्हटलं,
तर त्याने ओल्या पायांकडे बोट दाखवलं
आणि पुढच्या लँडक्रूझरकडे गेला.

बसले.
पडद्यावर अक्षरं उमटली: स्वागत आहे, हेरंब.
सीट त्याच्या पायांच्या लांबीइतकी मागे सरकली,
मला घेऊन.

सुरमई शेजारच्या सीटवर ठेवली
आणि गाडी किंचाळायलाच लागली:
प्रवाशाने पट्टा लावलेला नाही,
प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.

बघ बाई, तुला ओळखलं.

मी वाकून पट्टा ओढला,
तिच्या गार पोटावरून घेतला,
आणि खट्ट आवाज येईपर्यंत दाबला.