शून्य आणि माहीत नाही

तार्तूत जानेवारीत नऊला उजाडतं,
म्हणून दिव्याखाली लिहिते आहे हे, तुझ्यासाठी.
तू काही माझ्या खोलीत येणार नाहीस,
माझ्या कपाळावरची आठी बघून
विचारणार नाहीस,
"मारिका, म्हणजे नेमकं काय?"

तुला मिळते एक ओळ.
साधनाचं नाव, त्याखाली एक ओळ.
तेवढ्या भरवशावर तू हात घालतोस.

दोन वर्षांपूर्वी मी लिहून ठेवलं होतं:
यंत्राची माहिती देते.
तीन शब्द. लिहिले आणि कॉफी आणायला गेले.
कुठली माहिती, कधीची, कुठल्या मापात,
आणि मिळालीच नाही तर काय,
हे सगळं माझ्या डोक्यात स्वच्छ होतं.
डोक्यातच राहिलं.

मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तू विचारलंस, मेमरी किती मोकळी आहे.
साधनाला आत डोकवायची परवानगी नव्हती.
त्याने शून्य परत दिलं.
संपली, असं तू समजलास
(कोण समजलं नसतं?)
आणि जागा करायला
सगळ्यांत मोठं काम बंद केलंस.
ते पेइप्सी सरोवरावरच्या बर्फाची जाडी मोजत होतं.

कुणी ध चा मा केला नव्हता.
ध लिहिलाच नव्हता कुणी.

कोल्क्याच्या काठावर फेओफान,
घसरगाडीवर जाळी, दाढीत दव गोठलेलं.
काल फोनवर एकवीस सेंटिमीटर होते,
आज शून्य.
रात्रीतून सरोवर वितळत नाही, हे त्याला ठाऊक.
तरी साडेनऊपर्यंत थांबला,
मग पहार घेऊन निघाला,
दर चार पावलांवर ठोकत, ऐकत, ठोकत.

शनिवारी मी माफी मागायला गेले.
क्सेनियाने कांद्याची वेणी हातात दिली,
मासे तळले.
तिच्या फळीवर सारख्याच बरण्या,
एकीवर चिठ्ठी: साखर. मीठ नव्हे.
दुसरीवर: बी. खायचं नाही, मे महिन्यात लावायचं.
मी चिठ्ठ्या वाचत राहिले, मासा गार झाला.

फेओफान म्हणाला,
"शून्य असेल तर मी होडी काढतो.
माहीत नसेल तर पहार काढतो.
तुमच्याकडे दोन्हींना एकच शब्द?"

मी काट्याकडे बघितलं.

आता ऐक. पुन्हा लिहिते आहे:

*या क्षणी मोकळी असलेली मेमरी सांगते, मेगाबाइटमध्ये.
डिस्कवरची जागा नव्हे, तिच्यासाठी वेगळं साधन आहे.
फक्त वाचते, काहीही बदलत नाही.
बंदिस्त कप्प्यातून विचारलंस तर त्या कप्प्याचीच मर्यादा सांगते,
अख्ख्या यंत्राची नाही.
वाचता आलं नाही तर शून्य देत नाही,
'माहीत नाही' म्हणते, आणि का ते सांगते.
अशा वेळी कुठलंही काम बंद करू नकोस. माणसाला विचार.*

हेल्दुर म्हणतो, फार लांबलं.
मी 'अख्ख्या' खोडलं. परत घातलं.
साधनाचा कोडही बदलला,
नाहीतर नुसती चिठ्ठी बदलून
बरणीत मीठच राहिलं असतं.

काल रात्री तीनला फोन वाजला.
तू लिहिलं होतंस: मेमरी, माहीत नाही.
परवानगी नाकारली. मी काही केलेलं नाही.
काय करू?

थंडीत पाय टेकवताना मी तुला दोन शिव्या दिल्या,
मग परवानगी दिली.
पडद्याच्या वर कांद्याची वेणी,
खोलीभर तिचा वास,
आणि झोप उडालीच आहे तर
यादीतलं पुढचं साधन उघडलं.

*स्थिती दाखवते.*

कुणाची?
कशी?
हेही मीच लिहिलं होतं.