शेऱ्यांची वही

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीवर
आमचं वाचनालय.
दुपारी गिरणी सुरू झाली की
कपाटांच्या काचा कुरकुरतात
आणि वरच्या फळीवरच्या चरित्रांवर
ज्वारीचं पीठ बसतं.

समितीचं पत्र आलंय. जागा कमी,
तेव्हा काय ठेवायचं, काय रद्दीत द्यायचं
ते वाचकांच्या शेऱ्यांवरून ठरवा.
म्हणून वही उघडून बसलेय. एकोणीस वर्षांची वही.
तिला बांधलेलं पेन सात वेळा चोरीला गेलं,
सुतळी अजून तीच.

पाककृतींचं पुस्तक :
"पान बेचाळीसवर मीठ लिहायचं राहिलंय.
आम्ही घातलं. – सौ. गद्रे."
खाली दुसरं अक्षर :
"आम्ही नाही घातलं. पाहुणे काही बोलले नाहीत."

एका रहस्यकथेच्या नवव्या पानावर
पेन्सिलीनं खुन्याचं नाव,
त्याखाली शाईनं : "खोटं आहे, वाचत राहा."
मी वाचत राहिले.
शाईवाला खोटं बोलला होता.
त्याचं भलं होवो.

मधमाशीपालन नेणारा एकच,
चौदाव्या मजल्यावरचा इनामदार.
दर मार्चला नेतो, दर मार्चला तोच शेरा :
"सोसायटीची परवानगी अजून नाही."

कवितासंग्रहाबद्दल कुणी इतकंच लिहिलंय,
"वजनाला हलका."
ही तक्रार की शाबासकी?
सही लागत नाही.

तारकांचा नकाशा :
"वाशीच्या दिशेला यातलं काहीच दिसत नाही.
नकाशा बरोबर असेल."

भिंतीवरचं जग रुक्साना मुकादमनं
एकदाच घरी नेलं होतं, गुंडाळी करून, रिक्षातून.
"मस्कत पुसट झालंय. बोट माझं आहे.
भरपाई किती?"
मी रकान्यात शून्य लिहिलं
आणि ते शून्य जरा मोठंच आलं.

मग तो निळसर नकाशा.
शहर व्हायच्या आधीचा, शहराचा.
गुलाबी म्हणजे घरं, पिवळा म्हणजे बाजार,
उरलेलं कोरं.
"कोऱ्यात आम्ही राहत होतो,"
हा पहिला शेरा.
"घडीवर भोक पडलंय. नेमकं तळ्यावर."
हा दुसरा.
मग लाल शाई : "नकाशा हे पुस्तक नव्हे,
सबब शेरा ग्राह्य नाही. – सचिव."
लाल शाईखाली, तिरकं :
"मंग पुस्तकान दावा."

धर्मा मढवींना अक्षर येत नाही.
दर महिन्याला येतात, नकाशा टेबलावर पसरतात,
चार कोपऱ्यांवर शब्दकोशाचे चार खंड ठेवतात
(शब्दकोशाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केल्याची नोंद नाही)
आणि पाहत बसतात.
एकदा म्हणाले, माझाही शेरा लिही.
सांगा.
यान आमचा मिठागर नाय.
मी लिहिलं. त्यांनी वाचायला लावलं.
ऐकून मान हलवली.
"नाय" नको. "नाय" तर नकाशाच बोलतोय.
पेन्सिल दे.

एक ठिपका दिला, हरभऱ्याएवढा.
वाचनालयाच्या मालमत्तेवर खूण करणं
नियम सहाप्रमाणे दंडनीय.
मी खिडकीतून गिरणीच्या रांगेकडे पाहिलं.

पुढच्या खेपेला ठिपका खोडलेला,
घडीत रबराचा चुरा.
त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा ठिपका,
आणि शेजारी, वेगळ्या हातांच्या,
एक विहीर, एक चिंच,
होड्या ओढायची जागा,
"इथं आईला साप चावला, वाचली,"
आणि कुणा पोरानं काढलेली एक म्हैस,
जी खरं तर बाजाराच्या पिवळ्यात उभी आहे.

रात्री समितीची यादी पूर्ण केली.
रहस्यकथा : ठेवावी. नववं पानही.
कविता : वजन करून पाहिलं, ठेवावी.
मधमाश्या : मार्चपर्यंत थांबावं.
नकाशा, एक नग.
अवस्था : जीर्ण.
वाचन : चालू.

शब्दकोश मात्र तिकडेच राहिले, टेबलावर,
चार कोपऱ्यांना, मध्ये काहीच नसताना.
उद्या उचलीन.