गंज

सहाव्या महिन्यात पुलक्किनेनने एक स्प्रिंग माझ्यापुढे ठेवली.
मीच बसवलेली. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा,
तांबूस, रेषान् रेषा उमटलेला.
"तू गंजवणारा आहेस," म्हणाला,
तू डावखुरा आहेस म्हणावं तसं.

बोटांना रबरी टोप्या घातल्या. खडू चोळला.
अख्खा हिवाळा विजेच्या पाण्यात हात बुडवून बसलो.
बाहेर उणे बावीस, गोठल्या तळ्यावरून ट्रक जातायत,
आणि मी हातमोजा काढला की वाफ.
घड्याळांवर पाणी सोडायची वेळ आली होती.
पाणी तर हातात होतंच.

फक्त शनिवारी, सौनात, मी चारचौघांसारखा.
तापल्या दगडांवर पळीभर पाणी, चर्र,
की सगळेच निथळायला लागतात.
तिथे मेव्हण्याशी, वेइक्कोशी, हात मिळवायचो.
मुद्दाम. दोनदोनदा.

डॉक्टरीण कुओपिओची, बोलणं साधं:
काखेत भोकं, पेन्सिल जाईल एवढी.
एक फुप्फुस घटकाभर निजवायचं, कॅमेरा आत.
बरगड्यांच्या मुळाशी मज्जातंतूंची पांढुरकी माळ असते,
ती एके ठिकाणी तोडायची.
मग दुसरी बाजू.
"पाणी दुसरी वाट शोधतं कधीकधी," हेही म्हणाली.
मी सही करत होतो. कागद ओला झाला.

जाग आली तेव्हा तुओवीने माझा हात धरलेला,
उलटा करून बघत होती, सुलटा करून.
"हा कुणाचा?" म्हणाली.
ऊन पावासारखा, कोरडा.
अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा
तिने तो गालाला लावला,
आणि पुसला नाही गाल.

आता स्प्रिंगा लख्ख राहतात.
पुलक्किनेन भिंगातून डाग शोधतो,
सापडत नाही म्हणून जरा रुसतोही.
पण दिवसाला तीन शर्ट लागतात.
पाठ, पोट, मांड्यांच्या मागे...
उठलो की खुर्चीवर माझा आकार उरतो.
तुओवी काही न बोलता टॉवेल टाकते.

आणि शनिवारी वरच्या फळीवर
सगळ्यांचे चेहरे चकाकत असतात.
मी छातीपासून वर भिंतीसारखा तापलेला, सुका.
खाली पूर.
वेइक्को पळी उचलतो, थांबतो, विचारतो, "टाकू?"
असं आधी कुणी विचारत नसे.

आण इकडे, म्हणतो मी.
आधी दोन्ही तळहातांवर घेतो पाणी,
उरेल ते दगडांवर.