मांजरपाट

मंगळवारी पहाटे गिरणी सुरू केली
अन् वाटलं, पट्टा निसटला.
पट्टा जागेवर होता.
डावा कान गेला होता.

ज्वारीला दगड खरखरतो, गव्हाला घुमतो,
हरभऱ्याला ठसका लागल्यासारखा खोकतो.
सव्वीस वर्षं डोळे मिटून ओळखत आले.
त्या दिवशी साऱ्या गावाचं दळण
एकाच धान्याचं झालं,
आणि कानाच्या तळाशी एक शिट्टी, न थांबणारी.

"मळ असन वं," जाऊ म्हणाली, कोमट तेल सोडलं.
चार दिवस त्या तेलात गेले.
हिंगणघाटचा डॉक्टर म्हणाला, उशीर केला बाई,
अशा कानाला मुदत असते.
गोळ्या दिल्या, वर नागपूरची चिठ्ठी:
दाबाखाली प्राणवायू, वीस बैठका.
घेऊन पाहा. हमी नाही.

तिथला कागद:
केसांना तेल नको. पावडर नको. जोडवी काढा.
अंगावर फक्त सुती.
मी पेटी उपसली. सगळ्या साड्या
घसरत्या, चमकत्या, सुरतेच्या.
बाहेर जिनिंगपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग
अन् घरात हातभर सूत नाही!
शेवटी गिरणीच्या तोंडाला बांधायचा मांजरपाट होता,
त्याचाच झगा शिवला.
धुतला तरी पिठाचा वास गेला नाही.

पांढरी टाकी, गोल खिडक्या, सहा खुर्च्या.
दार बसलं. हवा दाटत गेली,
विहिरीत खोल उतरावं तशी.
"थुंकी गिळा," भोंग्यातून मेश्राम मॅडम.
समोर उमरेडचे झाडे, पायाची जखम चिघळलेली,
त्यांनी मोठी जांभई दिली, मग आम्ही सगळ्यांनी.
जो कान ऐकत नव्हता, तोच ठणकला.
मला बरं वाटलं.
म्हणजे आत कोणीतरी आहे.

मास्क लावून दीड तास
मी पायल्या मोजायची:
एका बैठकीला किती दळण.
अठरावीला पायल्या संपल्या.

आता ज्वारी कळते. गहूही, बहुतेक.
हरभरा येत नाही अजून,
पोरीला विचारते, नाहीतर दगडाच्या पेटीवर हात ठेवते.
शिट्टी आहे, पण भिंतीपलीकडची.

परवा रात्री उजव्या कुशीवर झोपले,
चांगला कान उशीत.
अंधारात हे बोटं मोडत पुटपुटत होते,
मला ऐकू येत नाही असं धरून:
"अठरा गुणिले... अन् बसचे येगळे..."

आकडा पूर्ण ऐकला.
डाव्या कानानं.
पडून राहिले तशीच, हू की चू न करता.