नियम सतरा

उद्यमबागेत, बिर्जेंच्या पॅटर्न शॉपच्या वर,
जिन्यापासूनच भुशाचा वास येतो त्या खोलीत
आम्ही तिघं एक भाषा सांभाळतो.
बोलायची नव्हे. लेथला सांगायची:
इतकं काप, इथं थांब, हत्यार बदल.
ती वापरणारे एकूण एकोणीस कारखाने,
त्यांतले दोन उधारीवर.

शनिवारी संध्याकाळी वाद निघाला नियम सतराचा.
फंक्शननं हातात काय घ्यावं,
आणि उद्या त्याच्या जागी दुसरं बसलं
तर त्यानंही तेवढंच घ्यावं,
की जास्त, की कमी?

सुगंधा कडोलकर म्हणाली, कमी घेतलं तरी चालतंय.
तिचा बाप तीस वर्षं गेज घेऊन बसलेला:
एक टोक शिरलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे.
"नवीन आलेला जास्त काटेकोर असला
तर बिघडलं काय की?
मी पूर्णांकच घेणार. दशांश आणलास, जा परत."
तिनं टेबलावर बोट आपटलं, चहा बशीत आला.

मी म्हटलं, राहू दे की सैल.
कुणी मिलिमीटर देतं, कुणी अजून इंच,
खानापूर रोडचे मुचंडीकर तर सूत म्हणतात.
सगळं घ्यावं, आत गेल्यावर बघावं.
"आत गेल्यावर बघणार कोण? रात्रपाळीचा पोरगा?
बोट गेल्यावर?"
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

इराण्णा हुक्केरी इतका वेळ गप्प.
तो भांडतो मराठीत, आकडे मोजतो कन्नडमध्ये,
आणि त्या दिवशी बोटांवर काहीतरी मोजत होता.
लाईट गेली. यूपीएस कोंबडीच्या पिल्लासारखा ओरडायला लागला.
त्या अंधारात तो म्हणाला,

"आमची अव्वा गडहिंग्लजकडची.
तिकडं एक पतसंस्था होती. खिडकीत आजरेकर बसायचे.
अव्वा कन्नडमध्ये चिठ्ठी लिहायची, ते घ्यायचे.
शेजारीण मराठीत लिहायची, तीही घ्यायचे.
पुढं त्यांच्या जागी त्यांचाच पोरगा बसला.
खिडकी तीच. पाटी तीच.
म्हणाला, मावशी, हे चालत नाही, नीट लिहून आणा.
चिठ्ठीत तप्पू काय नव्हतं मारे.
चार किलोमीटर उन्हातनं परत आली.
तिला काय ठाऊक आत कोण बसलाय?
पाटी बघूनच माणूस रांगेत उभं राहतंय."

मला माझ्या मामाचे अर्ज आठवले,
इकडच्या खिडक्या, इकडचं ऊन.
मी ते तिथं काढले नाहीत.

सुगंधा बराच वेळ यूपीएसचा लाल ठिपका बघत राहिली.
मग म्हणाली, "म्हणजे जागेवर येणाऱ्यानं
घेताना रुंद व्हावं. अरुंद नाही."
"आणि देताना?"
"देताना माझ्या बापाचं गेज. बाहेर पडणारा तुकडा
पहिल्यापेक्षा ढिला असता कामा नये."

मोबाईलच्या उजेडात मी फळ्यावर लिहून घेतलं.
जुने एक्केचाळीस प्रोग्रॅम यात नापास होतात,
त्यांतले सोळा माझे.
दसऱ्यापर्यंत नुसता इशारा, नंतर बंद, असं ठरलं.
सुगंधाला दसरा लांब वाटला, मला जवळ.

राहिलं एवढंच, की नियम मोडला
तर पडद्यावर काय लिहायचं.
चूक? तप्पू?
अकरा वाजले, लाईट येऊन गेली, परत आली,
खालचा वॉचमन दोनदा खाकरला.
शेवटी इराण्णानं फळ्यावर दोन रकाने पाडले.
एकात, काय घ्यायचं कबूल होतं.
दुसऱ्यात, काय परत पाठवलं.
खाली ओळीचा नंबर.
रकान्यांना नावं सोमवारी देऊ म्हणत उतरलो.

शटर एका बाजूनं खचलंय, थोडं उचलल्याशिवाय
कुलूप बसत नाही.
"उचल की," सुगंधा म्हणाली.
"एत्तू, एत्तू," इराण्णा म्हणाला.
मी उचललं.