बाक

धनकवडीच्या आमच्या फ्लॅटात मोरीकडे जाताना
कपाटाचा कोपरा लागतो, नेमका डाव्या खुब्यावर,
रात्री, दिवा न लावता गेलं की.
सतरा वर्षं एकच निळा डाग,
जागा न बदलणारा.
म्हणून मला गोलाईची दारं हवी होती. एवढंच कारण.

भवानी पेठेत, लाकूडबाजारात
वाकणारं प्लाय मागितलं,
तर दुकानदार माझ्या मागे बघत राहिला,
मिस्त्री कुठाय म्हणून.
"मीच," म्हटलं. आवाज जरा चिरकला.

फर्मा केला जुन्या दिवाणाच्या फळ्यांचा.
खिळा, सुतळी, पेन्सिल, आणि सात फासळ्या
एकत्र आवळून कानशीनं एकसारख्या केलेल्या.
त्यावर थर, सरस, थर, सरस,
अठरा क्लॅम्प,
त्यातले अकरा जांगिडांकडून मागून आणलेले
त्यांच्या अटीसकट: शनिवारी संध्याकाळी परत.
रात्रभर ते हॉलमध्ये पडून होतं
प्लास्टरमधल्या पायासारखं.
श्रीरंग दोनदा उठून बघून आला.
मी झोपल्याचं सोंग घेतलं.

सकाळी क्लॅम्प सोडले.
कट् असा बारीक आवाज,
आणि दारानं अंग सैल सोडलं
सहा मिलिमीटर.

जांगिड आले. पट्टी लावली. हसले नाहीत.
"लाकूड मागं येतंच, ताई.
फर्मा त्याहून जास्त वाकवायचा असतो."
आधी का नाही सांगितलंत?
"आधी सांगून कुणाला कळतं?"
मग चहा झाला, कात्रजच्या ट्रॅफिकवर बोलणं झालं,
आणि दारात चपला घालता घालता:
"दाराचं राहू द्या आता. कपाट दाराला बसवा."

वरची फळी पुन्हा कापली. खालचीही.

व्हिनिअर सागाचं, एकाच ओंडक्याची लगतची दोन पानं,
वहीसारखी उघडून चिकटवलेली;
डाव्या दारावरची गाठ उजव्या दारावरच्या गाठीकडे
बहिणीसारखी बघते.
उजव्या दारात खाली फुगा राहिला.
नखानं टकटक केलं: भरीव, भरीव, भरीव, पापड.
शिरेच्या रेषेतच ब्लेडनं चिरलं
आणि माझ्या इन्सुलिनची सुई आणली.
सरस तिच्यातून जाईना.
रोज पोटात घेते ते किती पातळ असतं
हे त्या दिवशी कळलं.
पाणी घातलं, भरला, कापड ठेवून इस्त्री,
वर तांदळाची पिशवी, पाच किलोची,
गोलाईला अंग टेकून बसेल अशी.
दोन दिवस आम्ही पोळ्याच खाल्ल्या.

ती चीर अजून दिसते. कुठे, ते सांगणार नाही.

काल रात्री उठले, दिवा न लावता.
खुबा सवयीनं आत गेला,
काहीच लागलं नाही.
तिथंच थांबले जरा,
वाकून नखानं दाराशी टकटक केलं
तो फुगा बसला का बघायला.

आतून श्रीरंग झोपेतच म्हणाला,
"उघडंच आहे."