काढू नये

सोहारच्या या हॉटेलात दोनशे बारा टीव्ही
आणि पहिल्या मजल्यावर, जिन्यामागच्या गार खोलीत,
सहा राउटर. माझ्या ताब्यात.
परकारचाचा खेडला परतले तेव्हा किल्ली देताना म्हणाले,
"सगळं डेन्स मोडवर आहे, पोरी. हात लावू नको. चालतंय."

चालत होतं.
डेन्स मोड म्हणजे आमच्याकडची पंगत:
वाढपी ओळीने सगळ्यांच्या पानात ओतत जातो,
ज्याला नको त्याने पानावर हात आडवा धरायचा.
त्या हाताला इथे प्रून म्हणतात.
फक्त हा वाढपी विसरभोळा,
दर तीन मिनिटांनी तेच पातेलं घेऊन पुन्हा पहिल्यापासून,
रिकाम्या खोल्यांपर्यंत, बंद टीव्हींपर्यंत,
मल्याळी मालिका, कोरियन स्वयंपाक, उंटांच्या शर्यती.
मे महिन्यात राउटरचे पंखे रडकुंडीला आले.

खमीस अल बलूशी, आमचे मॅनेजर, यादीवर बोट ठेवून म्हणाले,
"हे मराठी चॅनल. कोण बघतं?"
मला सांगता येईना.
सगळ्यांना वाढणाऱ्याला एवढंच ठाऊक असतं,
कोणाला नको ते.
"मग महिनाअखेर काढून टाक."

त्या रात्री दोन वाजता एकेका इंटरफेसवर मोड बदलत बसले.
स्पार्स.
रडल्याशिवाय आईही पाजत नाही, त्यातला.
मागितल्याखेरीज आता थेंब सुटणार नाही.
आणि मागायचं कुठे, तर एक राउटर सगळ्यांना ठरवून दिलेला,
भेटीची जागा,
जशी फलजच्या चौकातली कुन्हालीची चहाची टपरी:
कोणाला खोली हवी, कोणाकडे खाट रिकामी आहे,
कोणाची बॅग कोझिकोडला जायचीय,
सगळे आधी तिथेच विचारतात.
एकदा ओळख पटली की मग जवळच्या रस्त्याने
थेट एकमेकांच्या दारी.

मधलाही एक मोड असतो, स्पार्स-डेन्स:
भेटीची जागा ठाऊक असेल तोवर विचारून,
ती हरवली की पुन्हा गावभर बोंब.
तो मी घेतला नाही.

एक नियम मात्र सगळीकडे तोच.
पॅकेट आलं की राउटर आधी दार बघतो:
ज्या दाराने मुळाकडे परत जाता येतं
त्याच दाराने आलेलं आत घ्यायचं,
बाकीचं टाकायचं, कितीही खरं असो.
क्लासात हे वहीत उतरवताना मला हसू आलं होतं.
तेव्हा माझा पासपोर्ट माझ्याच कपाटात होता.

पहाटे चार दहाला तक्त्यात एक ओळ उगवली.
तारा, स्वल्पविराम, मराठी चॅनलचा पत्ता.
हा पत्ता असा की तिथे कोणी राहत नाही,
ज्याला ऐकायचंय तो तेवढ्यापुरता तिथला होतो.
तारा म्हणजे, पाठवणारा कोणी का असेना.
आणि बाहेर जाणारा इंटरफेस एकच.
लाँड्री.

जिना उतरून गेले.
वाफेत उभा होता गाजूल, लक्ष्मीनारायण,
सोलापूरचा, घरात तेलुगू, बाहेर मराठी,
माग विकले तेव्हापासून परक्या चादरींना इस्त्री करणारा.
टीव्हीचा आवाज बंद.
"तापमान तेवढं बघतो, ताई."
पट्टी सरकत सरकत आली. सोलापूर, एक्केचाळीस.
"इथे त्रेचाळीस," तो म्हणाला. "दोनच जास्त."
आणि रिमोट दाबला.

वर आले तरी ओळ होती अजून.
ऐकणारा उठून गेला तरी राउटर लगेच पुसत नाही,
एकदा विचारतो, आहे का कोणी मागे,
थोडा थांबतो.
तेवढ्यात लाँड्रीच्या इंटरफेसला मी शेरा जोडला.
त्याला देवनागरी कळत नाही,
म्हणून रोमन अक्षरांत, आमच्याच भाषेत: काढू नये.

महिनाअखेरीला खमीस विचारतील, किती जण.
एक, म्हणेन.
दिवसातून चार मिनिटं.
बघू.